भैरवगड नेमका कोणता? आपली यादी सिमँटिक वेबवर जोडून मांडण्याची वाट

मोरोशीचा भैरवगड मुरबाड तालुक्यात. शिरपुंज्याचा भैरवगड अकोले तालुक्यात. कोथळ्याचा भैरवगडही अकोल्यातच. शिवाय कोयनेच्या जंगलात आणखी एक आहे, तो वेगळाच. डोंगरात फिरणाऱ्या माणसाचा यात घोटाळा होत नाही, "कुठला, मोरोशीचा का?" असं विचारून तो मोकळा होतो. संगणकाला हा प्रश्न सुचत नाही. आमच्या गटाने किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांची यादी करायला घेतली, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन भैरवगड एकमेकांत मिसळले आणि शिरपुंज्याच्या टाक्यांच्या नोंदी मोरोशीच्या गडाखाली जाऊन बसल्या. मोरोशीचा कातळ दोर लावून चढावा लागतो. यादीवर विसंबून कुणी कमी पाणी घेऊन वर गेलं असतं तर? त्या विचाराने मी दोन दिवस यादी बंद ठेवली आणि सगळ्या नोंदी पुन्हा एकदा हाताने तपासल्या.

तेव्हापासून जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. उदाहरण किल्ल्यांचं आहे, पण तुमची यादी गावातल्या बारवांची, वीरगळांची, देवरायांची किंवा जुन्या वाचनालयातल्या पुस्तकांची असली तरी वाट हीच.

आधी दोन शब्द कल्पनेबद्दल. साध्या वेबवर पानं पानांना जोडलेली असतात. सिमँटिक वेबवर गोष्टी गोष्टींना जोडलेल्या असतात, आणि ती जोड कोणत्या नात्याची आहे हेही लिहिलेलं असतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये यासाठी चार साधे नियम मांडले: प्रत्येक गोष्टीला वेबवरचा पत्ता हेच नाव द्या, तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडता येईल असा असू द्या, उघडणाऱ्याला प्रमाणित स्वरूपात उपयोगी माहिती द्या, आणि त्या माहितीत दुसऱ्यांच्या गोष्टींचे पत्ते जोडा. २०१० मध्ये त्यांनीच डेटा किती खुला आहे हे मोजणारी पाच ताऱ्यांची मोजपट्टी दिली. खुल्या परवान्याने पीडीएफ टाकली तर एक तारा, एक्सेल दिलं तर दोन, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) दिली तर तीन, प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता दिला तर चार, आणि इतरांच्या डेटाशी जोडलं तर पाच. माझं मत विचाराल तर स्वच्छ तीन तारे हे चुकीच्या जोडण्या असलेल्या पाचांपेक्षा कितीतरी चांगले.

पहिली पायरी: यादी धुऊन घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो गेलाच पाहिजे.

जुनी यादी शिवाजी, कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत असलेल्या पद्धतीत, आणा. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की 'रायगड' नाहीसा होतो आणि उरतात ती विचित्र चिन्हं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक मराठी गाठ राहतेच. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वसंतगड आणि सदाशिवगड दोन्ही कऱ्हाड तालुक्यात आहेत, तरी आमच्या यादीत त्यांचे तालुके वेगळे मोजले जात होते. त्यात कुणी 'कराड' लिहिलं की तिसरा तालुका तयार! यासाठी ओपनरिफाइन हे फुकट मिळणारं साधन वापरा. एखाद्या रकान्यावर 'टेक्स्ट फॅसेट' लावला की त्यातली प्रत्येक वेगळी नोंद मोजणीसह समोर येते. एकच नाव दोनदा दिसलं की समजायचं, ही न दिसणारी गाठ आहे.

आकड्यांचं पथ्य वेगळं. लेखात आपण देवनागरी आकडे लिहितो, पण डेटा फाइलमध्ये उंची, तारीख, अक्षांश हे सगळे इंग्रजी आकड्यांतच ठेवा. ज्या प्रमाणानुसार संगणक 'ही संख्या आहे' असं मानतो, त्याला देवनागरी अंक चालत नाहीत. ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. उंची मीटरमध्ये की फुटांत हे रकान्याच्या नावातच लिहा. आपल्या जुन्या पुस्तकांत फूट असतात, नव्या नकाशांत मीटर. कळसूबाई १६४६ आणि कळसूबाई ५४०० अशा दोन्ही नोंदी 'बरोबर' असतात आणि एकत्र आल्या की दोन्ही निरुपयोगी होतात.

अक्षांश आणि रेखांश उलटे पडणं हाही नेहमीचा अपघात. सिंहगड साधारण १८.३७ उत्तर आणि ७३.७६ पूर्व इथे आहे. काही स्वरूपांत अक्षांश आधी लिहितात, काहींत रेखांश. अदलाबदल झाली की सिंहगड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. म्हणून यादी तयार झाली की सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटी, एक्सेलमधून सीएसव्ही काढताना 'यूटीएफ-८' (युनिकोड साठवण्याची रीत) लिहिलेला पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन जाते आणि फाइल बंद केल्यावर ती परत मिळत नाही.

दुसरी पायरी: माहिती कुणाची, परवाना कोणता

परवाना लिहिला नाही तर डेटा खुला होत नाही, तुम्ही कितीही मोकळ्या मनाने ठेवला असलात तरी. साधी निवड दोनांतली: सीसी-झिरो म्हणजे कुठलीच अट नाही, आणि सीसी-बाय ४.० म्हणजे फक्त श्रेय द्या. विकिडेटा हा सगळ्यांनी मिळून भरलेला खुला माहितीसाठा सीसी-झिरोवर चालतो, तेव्हा तुमची माहिती पुढे तिथे जावी असं वाटत असेल तर सीसी-झिरोच घ्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी काढलेल्या खुल्या नकाशामधून बिंदू उचलून घेतले असतील तर त्याचा ओडीबीएल हा परवाना (श्रेय द्या आणि पुढेही तोच परवाना ठेवा) तुमच्या यादीला लागतो. केंद्र सरकारच्या खुल्या डेटासाठी २०१७ चा स्वतंत्र भारतीय परवाना आहे, त्यात श्रेय देऊन वापराची मुभा आहे. व्यापारी नकाशांवरून अक्षांश-रेखांश उतरवून घेऊ नका. गडावर उभं राहून स्वतःच्या जीपीएसवर घेतलेली नोंद सगळ्यांत निर्वेध.

काही गोष्टी खुल्या करूच नयेत असं माझं ठाम मत आहे. वाटाड्यांचे फोन नंबर, गिधाडांच्या घरट्यांच्या जागा, उघड्यावर पडलेल्या मूर्तींचे नेमके बिंदू. एकदा वेबवर गेलेलं परत घेता येत नाही.

तिसरी पायरी: नावाऐवजी क्रमांक

आता प्रत्येक गडाला कायमचा पत्ता द्यायचा, ज्याला यूआरआय म्हणतात. मोह होतो तो पत्त्यात नाव घालण्याचा: अमुक संकेतस्थळ, मग जिल्हा, मग गडाचं नाव. असं करू नका.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे होते, नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत क्रमांक दिलेले. त्यात ५२५ म्हणजे उस्मानाबाद, ५१५ औरंगाबाद, ५२२ अहमदनगर. आज हे धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर आहेत. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तो या यादीत नाहीच. पत्त्यात 'अहमदनगर' घालून ज्यांनी अकोल्यातले गड मांडले असतील त्यांना आता एक तर पत्ता बदलावा लागेल, म्हणजे जोडलेले सगळे दुवे तुटतील, किंवा जुनं नाव मिरवत राहावं लागेल. ५२२ या क्रमांकाला मात्र काहीच झालं नाही.

म्हणून पत्त्यात अर्थ नसलेला क्रमांक ठेवा: गड ४१, टाकं ११८. नाव, जिल्हा, उंची हे सगळं आत लिहायचं, कारण ते बदलू शकतं. पत्त्यात देवनागरी घालण्याला तांत्रिक मुभा आहे, पण कॉपी करताना यूटीएफ-८ मधल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. 'सिंहगड' या एका शब्दात मात्रा आणि अनुस्वार धरून सहा चिन्हं आहेत. त्यांची ५४ अक्षरांची शेपटी होते. फोनवर सांगता येत नाही, कागदावर छापता येत नाही.

दुसरा प्रश्न डोमेनचा. गटाचं डोमेन कुणीतरी भरलेल्या वर्गणीवर चालतं, आणि वर्गणी थांबली की पत्ते मरतात. यावर डब्ल्यूथ्रीआयडी ही स्वयंसेवी सोय आहे. तिथे आपल्या प्रकल्पाच्या नावाचा फोल्डर गिटहब या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (बदलाची विनंती) पाठवून मागायचा. त्यातल्या छोट्या फाइलमध्ये 'हा पत्ता मागितला की तिकडे पाठव' एवढंच लिहायचं असतं. उद्या तुमचा सर्व्हर बदलला तर ती एक ओळ बदलायची. जगाने जोडलेले पत्ते तेच राहतात.

चौथी पायरी: वाक्यं लिहा

आरडीएफ या नावाला घाबरू नका. कर्ता, नातं आणि कर्म अशी तीन तुकड्यांची वाक्यं, एवढंच ते आहे. वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहितो. आकडे आणि तारीख नमुन्यापुरते:

गड:४१ → प्रकार → किल्ला
गड:४१ → नाव → "भैरवगड", भाषा मराठी
गड:४१ → तालुका → मुरबाड
टाकं:११८ → कुठे आहे → गड:४१
निरीक्षण:९०३ → कशाचं → टाकं:११८
निरीक्षण:९०३ → कधी → २०२४-०४-१४
निरीक्षण:९०३ → काय दिसलं → "पाणी तळाला, गाळ आहे"

शेवटच्या तीन ओळींकडे नीट बघा. आम्ही आधी थेट 'टाकं:११८ → पाणी → आहे' असं लिहीत होतो. पण डिसेंबरात भरलेलं टाकं मे महिन्यात कोरडं असतं, आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात. पाणी हा टाक्याचा गुण नाही, कुणीतरी एका दिवशी पाहिलेली गोष्ट आहे. त्यासाठी निरीक्षणाला स्वतःचा क्रमांक दिला आणि घोळ मिटला. तुमच्या यादीतही काळानुसार बदलणारं काय आहे ते शोधा आणि त्याला असं वेगळं काढा.

नात्यांचे शब्द शक्यतो स्वतः बनवू नका. आधीच रूढ असलेले शब्दसंग्रह वापरले की दुसऱ्यांचे संगणक ते न सांगता समजतात. नावांसाठी स्कॉस चांगला: एका भाषेत एकच मुख्य नाव, बाकीची पर्यायी. म्हणजे 'सिंहगड' मुख्य आणि 'कोंढाणा' पर्यायी, 'तोरणा' मुख्य आणि 'प्रचंडगड' पर्यायी. मराठी नावाला एमआर ही भाषेची खूण लावायला विसरू नका. गोव्यातल्या किल्ल्यांची कोंकणी नावं देणार असाल तर तिची खूण केओके. लेखक, तारीख, परवाना यासाठी डब्लिन कोअर. निरीक्षणांसाठी वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचा सोसा हा संग्रह आहे, आणि तो टाक्याच्या पाण्याला जसाच्या तसा लागू पडतो.

ही वाक्यं हाताने लिहायची नसतात. सीएसव्ही हातात असेल तर ओपनरिफाइनच्या आरडीएफ विस्ताराने रकाने नात्यांना जोडा आणि टर्टल या आरडीएफ लिहिण्याच्या स्वरूपात फाइल काढा.

पाचवी पायरी: जोडणी

इथे घाई करू नका.

ओपनरिफाइनमध्ये गडाच्या नावाच्या रकान्यावर 'रिकन्साइल' चालवा आणि विकिडेटाची मराठी सेवा निवडा. विकिडेटा २०१२ पासून चालू आहे आणि त्यात प्रत्येक गोष्टीला क्यूने सुरू होणारा क्रमांक असतो: पुणे शहर म्हणजे क्यू१५३८, महाराष्ट्र म्हणजे क्यू११९१. साधन तुमच्या प्रत्येक नावासाठी संभाव्य जुळण्या आणि गुण दाखवतं. नुसत्या नावावर जुळवू नका; प्रकार किल्ला असल्याची अट घाला आणि तालुका किंवा अक्षांश-रेखांशाचा रकानाही जोडीला द्या.

प्रकाराची अट का लागते ते पन्हाळ्यावरून कळेल. पन्हाळा हा किल्ला आहे, पन्हाळा हे गिरिस्थान आहे आणि पन्हाळा हा तालुकाही आहे. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे क्रमांक. सिंधुदुर्ग मालवणचा जलदुर्ग आणि सिंधुदुर्ग जिल्हा. रायगड राजधानीचा गड आणि रायगड जिल्हा, जो पूर्वी कुलाबा होता. शिवाय २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढासारखंच केलेलं आहे. नावावर विश्वास ठेवून जोडलंत तर गडाची लोकसंख्या लाखांत दिसू लागते.

जुळणी ठरल्यावर ती कोणत्या नात्याने लिहायची? इथेच नवखे अडकतात, मीही अडकलो होतो. 'सेमॲज' नावाचं एक नातं आहे, आउल या संग्रहातलं. त्याचा अर्थ अगदी कडक आहे: हे दोन पत्ते म्हणजे एकच वस्तू, एकाबद्दल जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं. शिवाय ते पुढे सरकत जातं. अ म्हणजे ब आणि ब म्हणजे क असेल, तर संगणक न विचारता अ म्हणजे क मानतो. आमचे दोन भैरवगड असेच एक झाले. दोघांनी दोन वेगवेगळ्या नोंदी एकाच तिसऱ्या पत्त्याला 'सेमॲज' लावल्या होत्या, त्यातली एक चूक होती आणि बाकीचं तर्काने आपोआप झालं.

त्यामुळे आमचा पायंडा असा आहे: गडाचा बिंदू, तालुका आणि पायथ्याचं गाव या तिन्ही गोष्टी जुळल्या आणि गडावर जाऊन आलेल्या माणसाने होकार दिला, तरच 'सेमॲज'. दोन जुळल्या तर स्कॉसमधलं 'एक्झॅक्टमॅच'. गड आणि त्याच नावाचं गाव असं काही असेल तर 'क्लोजमॅच'. नुसतं वाचण्याजोगं पान असेल तर 'सीऑल्सो'. शंका असेल तर जोडायचंच नाही. न जोडलेली नोंद उद्या जोडता येते. चुकीची जोडलेली शोधून काढायला कुणीतरी चुकीच्या गडावर जावं लागतं.

विकिडेटाचा पत्ता देताना ब्राउझरमध्ये दिसणारा पानाचा पत्ता उचलू नका. गोष्टीचा पत्ता वेगळा असतो: त्यात 'विकी'च्या जागी 'एंटिटी' असतं आणि सुरुवात एचटीटीपीने होते, शेवटच्या एसशिवाय. एका अक्षराच्या फरकाने जोडणी लागत नाही, आणि चूक म्हणून काही दिसतही नाही. ओपनस्ट्रीटमॅपचे क्रमांक जोडायला चालतील, पण आधार म्हणून घेऊ नका. तिथे कुणी आकृती पुसून पुन्हा काढली की क्रमांक बदलतो.

छोटी सुरुवात करायची असेल तर एक तयार संच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले १२ किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बाराच नोंदी आहेत, पण नावांचे जवळपास सगळे सापळे यात येतात. राजगड आणि रायगड इंग्रजीत एका अक्षराने वेगळे, आणि जिंजीसाठी महाराष्ट्राबाहेरच्या जिल्ह्याशी जोडावं लागतं. एका संध्याकाळी हे हाताने जोडून पाहा.

सहावी पायरी: वेबवर ठेवा

शंभर-दोनशे गडांसाठी मोठा सर्व्हर लागत नाही. टर्टल आणि जेसन-एलडी (आरडीएफचंच आणखी एक स्वरूप) फाइली गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्याच संकेतस्थळं दाखवण्याच्या सोयीवर, ठेवल्या तरी भागतं. अडचण एकच: माणसाने पत्ता उघडला तर वाचण्याचं पान मिळावं आणि प्रोग्रामने मागितला तर डेटा, हा फरक गिटहब पेजेसला करता येत नाही. पण डब्ल्यूथ्रीआयडीच्या फाइलमध्ये ती अट लिहिता येते, म्हणून दोन्ही एकत्र वापरा.

संपूर्ण संचाची ओळख सांगणारी एक नोंदही हवी: नाव, वर्णन, परवाना, शेवटचा बदल, संपर्काचा सामायिक ईमेल. यासाठी डीकॅट हा शब्दसंग्रह किंवा स्कीमा डॉट ओआरजीचा 'डेटासेट' प्रकार वापरा. तो पानात घातला की गूगलच्या डेटासेट शोधाला तुमची यादी सापडू शकते.

सातवी पायरी: विचारून बघा

जोडणी नीट झाली का हे प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. स्पार्कल ही त्यासाठीची भाषा. तिच्या २०१३ च्या आवृत्तीपासून एकाच प्रश्नात दुसऱ्याच्या साठ्यालाही विचारता येतं. टाकी तुमच्या फाइलमध्ये, उंची विकिडेटात, आणि प्रश्न असा: समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरच्या कोणत्या गडांवर एप्रिलनंतर पाणी पाहिल्याची नोंद आहे? पहिल्यांदा याचं उत्तर पडद्यावर आलं तेव्हा आमच्यातला एक जण त्याच आठवड्यात त्यातल्या एका गडावर खात्री करायला गेला.

याशिवाय दोन तपासण्या दर महिन्याला चालवा. एक, शॅकल या आरडीएफ तपासण्याच्या भाषेत लिहिलेले नियम: प्रत्येक गडाला एकच मराठी मुख्य नाव, अक्षांश १५ ते २३ च्या दरम्यान (जिंजी १२ वर आहे, त्याला सूट द्या), प्रत्येक निरीक्षणाला तारीख. दुसरी, जोडलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर. तुमचा गड आणि विकिडेटातला गड दोन किलोमीटरपेक्षा लांब असतील तर माणसाने बघायचं. आमच्या भैरवगडाची चूक या एका तपासणीने पहिल्या दिवशीच पकडली असती.

चूक सापडल्यावर नोंद पुसू नका. दोन क्रमांक एकाच गडाचे निघाले तर एक चालू ठेवा आणि दुसऱ्यावर 'याच्या जागी आता गड ४१' असं डब्लिन कोअरच्या नात्याने लिहा. पत्ते बदलू नयेत हे बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं. बंद केलेला क्रमांक नव्या गडाला कधीही देऊ नका. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी आपल्या फोनवर उतरवून घेतलेली यादी घेऊन अजून डोंगरात फिरत असतो. त्याने तो जुना पत्ता उघडला तर त्याला बरोबर गडाच्या पायथ्याशी जाता आलं पाहिजे.